साबुदाण्याच्या मुळाशी: देशोदेशींच्या कसाव्याचे साठ वर्षांचे आकडे कसे ताडून पाहावेत

एकादशीच्या आदल्या रात्री आपल्या घरात साबुदाणा भिजत पडतो, तो आलेला असतो बहुतेक वेळा तमिळनाडूतल्या सेलम भागातून. तिथे कसाव्याची मुळं धुतात, सोलतात, किसतात, त्यांचं दूध गाळून टाक्यांत स्थिरावू देतात. वरचं पाणी सोडून दिल्यावर तळाशी पांढरा घट्ट थर उरतो. त्याचा ओलसर भुगा झोळीत हेलकावे देत गोल करतात, मग तापवतात आणि उन्हात वाळवतात. हेच मूळ नायजेरियात गारी होऊन रोजच्या ताटात येतं, ब्राझीलमध्ये फारिन्याच्या रूपाने खाल्लं जातं, आणि थायलंडमध्ये वाळवून, चकत्या करून बोटीत भरलं जातं.

एकच पीक, पण चार देशांतल्या चार वाटा. म्हणून देशांच्या उत्पादनाची तुलना शिकायची तर कसावा हातात घ्यावा, असं माझं मत आहे. बहुतेक जण एकूण टनांची रेघ काढतात, ‘नायजेरिया पहिला’ असं खाली लिहितात आणि तिथेच थांबतात. त्या रेघेत शेतकऱ्याचं काय झालं, हे काहीच कळत नाही. ते कळण्यासाठी काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगतो. बटाटा, रताळं, कोनफळ यांनाही हीच रीत लागू पडते.

प्रश्न आधी, फाइल नंतर

आकडे उतरवण्याआधी एका वाक्यात प्रश्न लिहून काढा. ‘कसाव्याचं उत्पादन कुठे वाढलं?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. ‘१९६१ ते २०२० या काळात नायजेरिया, थायलंड, ब्राझील आणि भारत इथलं उत्पादन जमीन वाढल्याने बदललं की हेक्टरी उतारा वाढल्याने?’ असं विचारलं की कोणते रकाने लागणार, ते लगेच ठरतं.

देश निवडतानाही विचार करा. पहिले चार मोठे उत्पादक घेतले तर सगळे साधारण एकाच जातीचे निघू शकतात. वाढलेला, घटलेला, निर्यातीवर जगणारा आणि कमी जमिनीत जास्त काढणारा असे चार घेतले की एकाच्या उजेडात दुसरा दिसतो.

आकडे कुठून घ्यायचे

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा एफएओस्टॅट हा साठा सगळ्यांना खुला आहे आणि त्यातली मालिका १९६१ पासून सुरू होते. त्यात ‘क्रॉप्स अँड लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स’ हा विभाग उघडा. देश निवडा, पीक म्हणून ‘कसावा, फ्रेश’ घ्या आणि तीनही घटकांवर खूण करा: काढणी झालेलं क्षेत्र, उत्पादन, हेक्टरी उतारा. फाइल सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या रूपात घ्या.

उतरवताना तीन गोष्टी चुकवू नका.

खुणांचा रकाना म्हणजे ‘फ्लॅग’ कधीही काढून टाकू नका. प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असतं. ए म्हणजे देशाने अधिकृतपणे दिलेला आकडा, ई म्हणजे अंदाज, आय म्हणजे गणिताने भरलेली जागा. ओळीने सहा वर्षं ‘आय’ दिसत असतील तर तिथली गुळगुळीत रेघ सूत्राने काढलेली आहे, शेतातून आलेली नाही. मी अशा वर्षांच्या चौकटींना फिकट पिवळा रंग देऊन ठेवतो. पुढे निष्कर्ष लिहिताना डोळा आपोआप तिकडे जातो.

दुसरं, उताऱ्याचं एकक पाहा. जुन्या फायलींत तो हेक्टरी हेक्टोग्रॅममध्ये (एक हेक्टोग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम) असायचा, आता किलोत असतो. ९७,००० असं दिसलं आणि एकक हेक्टोग्रॅम असलं तर तो उतारा हेक्टरी ९.७ टन होतो. थायलंडचे स्थानिक अहवाल वाचलेत तर तिथे जमीन ‘राय’मध्ये मोजलेली आढळेल, आणि एका हेक्टरात सव्वासहा राय बसतात. एका रायला साडेतीन टन हा आकडा वाचायला किरकोळ वाटतो, पण हेक्टरी तो जवळपास २२ टन होतो.

तिसरं, फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला. मागच्या वर्षांचे आकडेही नंतर सुधारले जातात. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची कसाव्याची मालिका वेगवेगळ्या वेळी उतरवली तर वेगवेगळी दिसू शकते. दोन जणांचे आलेख जुळले नाहीत, तर चूक शोधण्याआधी तारखा विचारा.

रताळ्याची तुलना करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. यादीत ‘चीन’ आणि ‘चीन, मेनलँड’ अशा दोन ओळी असतात, आणि पहिलीत दुसरी आधीच मिळवलेली असते. एकदा दोन्ही ओळी माझ्या बेरजेत आल्या आणि जगातली रताळी एकदम फुगली. रताळ्यात चीनचा वाटा इतका मोठा आहे की ही एक चूक सगळा आलेख बिघडवते.

टन म्हणजे नेमकं काय

कंदमुळांचे टन ताज्या, ओल्या वजनाचे असतात, आणि कसाव्याच्या मुळात साधारण ६० ते ७० टक्के पाणीच असतं. त्यामुळे नायजेरियाचा ६ कोटी टन कसावा आपल्या तांदळाच्या टनांशेजारी ठेवला तर वाचकाची फसगत होते. शंभर ग्रॅम ताज्या कसाव्यात सुमारे १६० कॅलरी, कोनफळाच्या जातीच्या यामच्या कंदांत ११८, रताळ्यात ८६ आणि बटाट्यात ७७ कॅलरी असतात. तांदळात साधारण ३६०. म्हणजे वेगवेगळी पिकं एका रेघेवर आणायची तर टनांना या आकड्यांनी गुणून सगळं कॅलरीत बदलून घ्यावं. तो हिशेब सोललेल्या मुळाचा असतो, म्हणून सालीची घटही वजा करावी लागते. एकाच पिकाची देशादेशांत तुलना असेल तर हे रूपांतर लागत नाही, आणि आपण इथे तेच करतो आहोत.

टनांबद्दल आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण ती आकड्यांत कधीच दिसत नाही. कसावा जमिनीतून उपटला की दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळ्या रेषा पडून खराब होऊ लागतो. म्हणून तो जमिनीतच साठवून ठेवतात. लागवडीनंतर आठ-नऊ महिन्यांपासून पुढे दोन वर्षांपर्यंत लागेल तेव्हा काढता येतो. पश्चिम आफ्रिकेतली एखादी बाई संध्याकाळच्या स्वयंपाकापुरती दोन झाडं उपटते आणि बाकीचं रान तसंच उभं ठेवते. शेजारी त्याच वाफ्यात मका असतो. आता ‘या वर्षी काढणी झालेलं क्षेत्र’ किती, हे मोजणाऱ्याने कसं ठरवायचं? गव्हाची कापणी एकदाच होते, तिथे हा प्रश्न येत नाही. कसाव्याचा क्षेत्राचा आकडा त्यामुळे मुळातच सैल असतो, आणि क्षेत्र सैल असलं की त्याने भागून काढलेला उताराही सैल होतो. हे मनात ठेवूनच पुढचा, सगळ्यात महत्त्वाचा भाग वाचा.

क्षेत्र आणि उतारा वेगळे करा

उत्पादन म्हणजे क्षेत्र गुणिले उतारा. गुणाकाराची बेरीज करायची असेल तर लॉगरिदम घ्यावा लागतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, एक्सेलमध्ये ‘एलएन’ नावाचं सूत्र तयार आहे.

शेवटच्या वर्षाचं उत्पादन भागिले पहिल्या वर्षाचं, त्याचा एलएन काढा. क्षेत्राचंही तेच करा आणि उताऱ्याचंही. क्षेत्राचा एलएन आणि उताऱ्याचा एलएन यांची बेरीज उत्पादनाच्या एलएनइतकी आली पाहिजे. आली नाही तर एककात घोळ आहे, पुढे जाऊ नका.

नायजेरिया घेऊ. आकडे मी ढोबळ करून देतो आहे. १९६१ साली उत्पादन सुमारे ७४ लाख टन, क्षेत्र ७.८ लाख हेक्टर, उतारा हेक्टरी साडेनऊ टनांच्या आसपास. २००० साली ३ कोटी २० लाख टन, ३३ लाख हेक्टर, ९.७ टन. उत्पादनाचा एलएन येतो १.४७, क्षेत्राचा १.४४, उताऱ्याचा जेमतेम ०.०२. म्हणजे चाळीस वर्षांत उत्पादन चौपटीहून जास्त झालं आणि त्यातला जवळपास ९८ टक्के भाग नव्या जमिनीचा. एका हेक्टरातून निघणारी मुळं होती तेवढीच राहिली.

आता तेच गणित १९६१ ते २०१० असं करा. २०१० साली सव्वाचार कोटी टन, ३५ लाख हेक्टर, उतारा १२ टनांच्या वर. क्षेत्राचा वाटा ८५ टक्क्यांवर येतो आणि उताऱ्याला १५ टक्के श्रेय मिळतं. मग शेवटचं वर्ष २०२० धरा. ६ कोटी टन, ७७ लाख हेक्टर, उतारा पावणेआठ टन. आता क्षेत्राचा वाटा १०० च्याही पुढे जातो आणि उताऱ्याचा उणे होतो.

देश तोच, पीक तेच, सुरुवातही तीच. फक्त शेवटचं टोक हलवलं आणि ‘नायजेरियाने उतारा वाढवला’पासून ‘नायजेरियाचा उतारा घसरला’पर्यंत दोन्ही निष्कर्ष निघाले. म्हणून कुठल्याही लेखात ‘अमुक सालापासून तमुक सालापर्यंत’ असं वाचलं की तीच टोकं का निवडली, हे आधी विचारावं.

या मालिकेत २०१० नंतर अगदी थोड्या वर्षांत क्षेत्र लाखो हेक्टरांनी उडी घेतं आणि त्याच वेळी उतारा कोसळतो. उत्पादन मात्र त्या मानाने शांतपणे पुढे सरकतं. एका बाजूला उडी आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच पडझड एकदम दिसली, तर माझा पहिला संशय मोजणीची पद्धत बदलल्याचा असतो. एवढी जमीन दोन-तीन हंगामांत नांगराखाली येत नाही. अशा ठिकाणी मालिका तोडावी, आधीचा आणि नंतरचा काळ वेगळा मोजावा, आणि आलेखात तिथे उभी तुटक रेघ मारून तसं लिहावं.

भारताचं चित्र याच्या अगदी उलट आहे. १९६१ साली सुमारे २० लाख टन, २०१० साली ८० लाख टन. या काळात क्षेत्र २.७ लाख हेक्टरांवरून २.३ लाखांवर आलं, आणि उतारा हेक्टरी सात टनांवरून ३५ टनांच्या आसपास गेला. कमी जमिनीत चौपट पीक. जगाचा सरासरी उतारा १०-११ टनांच्या आसपास असताना ३५ टन हा पहिल्या रांगेतला आकडा आहे.

पण इथेही थांबून पाहा. देशाची सरासरी म्हणजे वेगवेगळ्या राज्यांची गोळाबेरीज. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० च्या दशकात कसाव्याला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा केरळच्या गरीब घरांना याच कसाव्याने, तिथल्या भाषेत ‘कप्पा’ने, तारलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर केरळात हे पीक तीन लाख हेक्टरांच्या वर होतं. पुढे रबर आणि इतर नगदी पिकं आली, रेशनवर तांदूळ मिळू लागला, आणि ते क्षेत्र लाखाच्या खाली उतरलं. तमिळनाडूत मात्र साबुदाणा आणि स्टार्चच्या कारखान्यांसाठी ओलिताखालची लागवड टिकली. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने, म्हणजे १९६३ पासून काम करणाऱ्या सीटीसीआरआयने, सुधारित वाण दिले. सरासरी वाढण्यात वाणांचा हात आहे, पाण्याचा आहे, आणि कमी पिकणारी रानं पिकातून बाहेर पडल्याचाही आहे. हे वेगळं करायचं तर हाच हिशेब राज्यवार करा.

तीन वर्षांची सरासरी, आणि ती कधी नको

एखाद्या दुष्काळी वर्षापासून मोजायला सुरुवात केली तर पुढचं सगळं वाढलेलंच दिसतं. म्हणून टोकाला एकच वर्ष न धरता तीन वर्षांची सरासरी धरा, म्हणजे १९६१ ते १९६३ आणि २०१८ ते २०२०. वर मी समजायला सोपं म्हणून एकेकच वर्ष घेतलं, प्रत्यक्षात तसं करू नका. वाढीचा वार्षिक दर हवा असेल तर दोन टोकांना सांधण्यापेक्षा सगळ्या वर्षांच्या एलएन आकड्यांवरून एक्सेलचं ‘स्लोप’ सूत्र चालवा. त्यात प्रत्येक वर्षाला तोंड उघडायला मिळतं.

सरासरीची फिरती रेघ दिसायला गोड असते, पण ती खड्डे बुजवते. थायलंडमध्ये २००९ साली ३ कोटी टन आणि २०१० साली २ कोटी २० लाख टन, ही घसरण फिरत्या सरासरीत पार विरघळून जाते. म्हणून मी कच्चे आकडे फिक्या ठिपक्यांनी आणि सरासरी जाड रेघेने, असं एकाच आलेखात काढतो.

रेघ मोडते तिथे काय घडलं

इथे वेळ घालवा. प्रत्येक देशाच्या मालिकेत दोन-तीन मोड असतात. त्यांची वर्षं कागदावर लिहा आणि शेजारी त्या वर्षांत तिथे काय चाललं होतं ते शोधा.

थायलंडपासून सुरुवात करा, कारण तिथली साखळी स्वच्छ दिसते. १९६१ साली तिथे कसावा १७ लाख टनांच्या आसपास होता. युरोपीय समुदायाने स्वतःच्या धान्याचे भाव उंच ठेवले होते आणि बाहेरच्या धान्यावर भारी कर लावला होता. कसाव्यावर मात्र फक्त ६ टक्के शुल्क होतं. नेदरलँड्ससारख्या देशांतल्या पशुखाद्यवाल्यांना थाई कसाव्याच्या गोळ्या स्वस्त पडल्या आणि थायलंडच्या ईशान्येकडची हलकी जमीन या पिकाखाली आली. १९८२ साली निर्यातीवर मर्यादेचा करार झाला, तरी १९८९ पर्यंत उत्पादन २ कोटी ४० लाख टनांपर्यंत चढलं. १९९२ साली युरोपने धान्याचे आधारभाव कमी करण्याचा निर्णय घेतला, आणि त्या दशकात थाई उत्पादन खाली आलं. ब्रसेल्समध्ये कागदावर एक आकडा बदलला आणि आठ-नऊ हजार किलोमीटरवरच्या शेतकऱ्याने जमिनीचं काय करायचं ते बदललं.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९९२ मध्येच कासेत्सार्ट ५० हा वाण आला आणि हळूहळू पसरला, आणि चीन हा नवा गिऱ्हाईक मिळाला. उतारा चौदा टनांच्या आसपासून वीस टनांच्या वर गेला. १९६१ आणि २०२० ही दोनच टोकं धरली तर उतारा साडेसतरा टनांवरून वीस, एवढाच फरक दिसतो आणि मधला सगळा उतार-चढ हरवतो.

२०१० चा खड्डा पिठ्या ढेकणाचा. हा कसाव्यावरचा किडा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आफ्रिकेत काँगो नदीच्या परिसरात पोचला आणि पिकं वाळवत पसरत गेला. नायजेरियातल्या इबादान इथल्या आयआयटीए या शेती संशोधन संस्थेत काम करणाऱ्या हान्स हेरेन यांनी त्याचा शत्रू शोधायला लावला. पॅराग्वेत एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी सापडली आणि १९८१ मध्ये ती नायजेरियात सोडण्यात आली. ती किड्याच्या अंगात अंडी घालते. पुढे ती पट्ट्यापट्ट्याने आफ्रिकाभर सोडली गेली आणि हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये किडा थायलंडमध्ये दिसला तेव्हा आफ्रिकेतल्या बेनिनमधून हीच माशी तिथे नेली. आलेखातल्या एका खड्ड्यामागे अशी तीन खंडांची कहाणी असू शकते.

नायजेरियाची रेघ १९७० ते १९८० बरीचशी सपाट आहे आणि १९८० नंतर चढते. इथे मोह होतो की श्रेय माशीला देऊन मोकळं व्हावं. पण त्याच काळात इबादानचे रोगप्रतिकारक वाणही पसरत होते, आणि १९८० च्या दशकात गव्हाच्या आयातीवर बंदी आली तशी देशी अन्नाची मागणीही वाढली. एका मोडाला एकच कारण चिकटवू नका. ‘या सुमारास हेही घडलं’ असं लिहा, आणि शेजारच्या देशात ते कारण नसताना रेघ कशी वागली ते तपासा.

ब्राझीलची रेघ सगळ्यात बोलकी वाटते मला. १९७० च्या आसपास जवळपास ३ कोटी टन, म्हणजे तेव्हा जगात पहिला. २०२० साली १ कोटी ८० लाख टन, म्हणजे जिथून १९६१ साली सुरुवात केली होती तिथेच परत. त्या वर्षांत लोक शहरांकडे गेले आणि सरकारी अनुदानामुळे गहू स्वस्त झाला. शहरातल्या न्याहारीत पाव आला, फारिन्या मागे पडला. घसरण म्हटलं की रोगराई किंवा दुष्काळ शोधायची सवय असते. कधी कधी माणसांनी खाणं बदललेलं असतं.

खाणारी तोंडं मोजा

आता लोकसंख्येचा रकाना जोडा. नायजेरियात १९६१ साली साधारण साडेचार कोटी लोक होते, २०२० साली २१ कोटींच्या जवळ. उत्पादन आठपट झालं, पण माणशी पाहिलं तर १६० किलोंवरून २९० किलोंच्या आसपास, म्हणजे पावणेदोन पट. ब्राझीलमध्ये माणशी २४० किलोंवरून ८५ किलोंवर आलं. एकूण टनांत ब्राझील ‘होता तिथेच’ दिसतो, माणशी मात्र तो तिसऱ्या हिश्श्यावर आला आहे.

थायलंडसाठी हा भागाकार जपून वापरा. तिथलं बहुतांश पीक स्टार्च, चकत्या आणि निर्यात यांत जातं, ताटात थोडंच येतं. ‘माणशी ४०० किलो’ असं लिहिलंत तर वाचक थाई माणसाच्या जेवणाचं भलतंच चित्र रंगवेल. खाण्याबद्दल बोलायचं असेल तर एफएओस्टॅटचे अन्न ताळेबंद, म्हणजे ‘फूड बॅलन्स’, वेगळे उघडा. त्यात अन्न, पशुखाद्य, प्रक्रिया आणि नासाडी असे रकाने सुटे असतात.

आलेख काढताना

१९६१ ला १०० धरून निर्देशांक काढायची पद्धत सोपी आहे, पण थायलंडची सुरुवातच इतकी लहान होती की त्याची रेघ १७०० च्या जवळ जाते आणि बाकी तीन देश तळाशी चिरडले जातात. त्याऐवजी उभ्या अक्षाला लॉग प्रमाण द्या. त्यात सारख्या टक्क्यांची वाढ सारख्याच उताराची दिसते, मग देश लहान असो की मोठा.

मी शेवटी प्रत्येक देशाला एक छोटी चौकट देतो आणि तिच्यात तीन रेघा: उत्पादन, क्षेत्र, उतारा. चारही चौकटींना प्रमाण एकच. नायजेरियात उत्पादन आणि क्षेत्र हातात हात घालून चढतात, भारतात उतारा चढतो आणि क्षेत्र खाली झुकतं, ब्राझीलमध्ये क्षेत्र डोंगरासारखं चढून उतरतं, थायलंडमध्ये युरोपची वर्षं आणि ढेकणाचं वर्ष बोट ठेवून दाखवता येतं. आलेखाखाली फाइल उतरवल्याची तारीख, अंदाजाने भरलेल्या वर्षांची यादी आणि मालिका जिथे तोडली ते वर्ष, एवढं बारीक अक्षरांत लिहा. मग भारताची चौकट उघडून केरळ आणि तमिळनाडू वेगळे करायला घ्या. राज्यांच्या आकड्यांत वर्ष २००९-१० असं जोडलेलं असतं आणि एफएओस्टॅटमध्ये एकच, तेव्हा दोन्ही रकाने शेजारी लावताना एक ओळ वरखाली सरकवून पाहा आणि जिथे खड्डे एकमेकांवर बसतात तिथे पक्कं करा.